निवडणुकीचं पोट

साहेब, लोमटे गुरुजींना तुम्ही मारलंत.

आडून बोलायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकतो. तुम्ही हात उचलला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. डोक्यावर पंखा फिरत होता, टेबलावर कुणीतरी आणून दिलेला पुष्पगुच्छ तिसऱ्या दिवशी कुजून वास मारत होता, आणि तुम्ही एका अर्जावर चार अक्षरं लिहून पेनाला टोपण लावलंत. नामंजूर. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तुम्ही दोनदा वर चढलात, मोठ्या शहरात बंगला बांधलात असं ऐकतो. तो अर्ज तुम्हाला आठवायचं कारण नाही. मला आठवतो, कारण तो तुमच्यापुढं मीच ठेवला होता.

मी रंगनाथ वाघमोडे. तहसील कचेरीत तुमच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचा तो शिपाई.

त्या साली जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि तालुक्यातल्या मास्तरांची पोटं दुखायला लागली. हे दर निवडणुकीला व्हायचं. ड्युटीचा आदेश हातात पडला की दुसऱ्या दिवशी मुंदडा डॉक्टरच्या दवाखान्यापुढं मोटारसायकलींची रांग. दुखणं पोटाचंच का, तर ताप थर्मामीटरला कळतो, मोडलेलं हाड फोटोत दिसतं. पोटात कोण डोकावणार? मुंदडानं दाखले छापूनच घेतले होते. 'तीव्र पोटदुखी, विश्रांतीची आवश्यकता.' नाव आणि दिवस तेवढे भरायचे. नवख्या मास्तरांना मीच तिकडं पाठवायचो. माझं नाव सांगा म्हणायचो, आणि त्याबद्दल हॉटेलात बसवून मला भजी खाऊ घालायचे लोक. लाज वाटायची नाही. सगळेच करतात त्याची कुणाला वाटत नाही.

उत्तरेश्वर लोमटे त्यातले नव्हते. सारोळ्याच्या शाळेवरचे मास्तर, वय चोपन्न, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आयुष्यात एकही ड्युटी चुकवली नव्हती. मी त्यांच्या पथकात तीनदा होतो. मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेच्या वर्गात सतरंजी अंथरून आम्ही पडायचो तेव्हा ते यंत्राच्या पेटीला पाठ लावून झोपायचे, जसं काही आत सोनं आहे.

गुरुवारी दुपारी ते माझ्या स्टुलाजवळ आले आणि भिंतीला टेकले.

"रंगनाथ, पोट दुखतंय रे. इथं, या एकाच जागी." त्यांनी डाव्या कुशीत खाली, कमरेच्या हाडाच्या वर बोट ठेवलं. "काल सकाळपासून आहे. अंगात कणकण आहे, पोटही साफ नाही. कुणाला दाखवू?"

मी त्यांना डोळा मारला साहेब. चोपन्न वर्षांच्या मास्तराला. म्हणलं, मुंदडाकडं जावा, माझं नाव सांगा.

"तसलं नाही रे," ते म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, गुरुजी."

तासाभरानं परत आले ते दाखला दोन बोटांत धरून, लेकराचा भरलेला लंगोट धरावा तसा. काय झालं ते मी विचारून घेतलं. दवाखान्यात ओळखीचे सात-आठ मास्तर खिदळत बसलेले. ह्यांना बघून एकानं म्हणे उठून नमस्कार केला, या गुरुजी, शेवटी तुम्हीही आलात आमच्यात. आत गेले तर मुंदडानं मान वर केली नाही. खोलीत तपासायचं टेबल होतं, त्यावर औषधांची खोकी रचलेली. मुंदडानं एवढंच विचारलं, किती दिवसांचं हवंय? गुरुजी म्हणाले, डॉक्टर, खरंच दुखतंय. मुंदडा हसला. सगळ्यांचं खरंच दुखतं म्हणाला, सात दिवस भरले, पित्ताच्या गोळ्यांची पट्टी पुढं सरकवली आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ का, असं गुरुजींनी मला विचारलं आणि मग स्वतःच नको म्हणाले. आता हा कागद हातात आला. कुठंही गेलं तरी निवडणुकीचंच पोट म्हणणार. आणि न सांगता दवाखान्यात भरती झालो तर ड्युटी चुकवली म्हणून निलंबन, तीन-चार वर्षं राहिली नोकरीची. त्यापेक्षा रीतसर अर्ज देतो, साहेबच तपासायला लावतील. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून त्यांनी अर्ज लिहिला. फळ्यावर लिहावं तसं अक्षर. डाव्या कुशीत खाली सतत दुखते. ताप एकशे एक. दोन दिवस शौचास झाले नाही. चालताना धक्का बसला तरी कळ येते. कर्तव्य टाळण्याचा हेतू नाही, तरी सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करून निर्णय व्हावा ही विनंती.

तपासणी करून, असं लिहिलं होतं साहेब. सूट द्या असं लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी तुम्ही अर्जांचा गठ्ठा मागवलात. त्रेसष्ट अर्ज, त्रेसष्ट पोटं. एक मंजूर झालं, ते सभापतीच्या मेहुण्याचं. तो त्याच संध्याकाळी पांढरे कपडे घालून प्रचाराच्या जीपमध्ये उभा होता, पोट बोनेटला टेकवून. बाकीच्या बासष्टांवर तुमचं पेन एका दमात फिरलं. फक्त लोमटे गुरुजींच्या अर्जावर तुम्ही मिनिटभर थांबलात. मग लिहिलंत.

सोमवारी साहित्य वाटपाच्या मांडवात गुरुजी आले ते डावा हात कुशीवर ठेवूनच. त्यांची बायको शैलावहिनी फाटकापर्यंत सोडायला आली होती. तिनं दहीभाताचा डबा माझ्याकडं दिला आणि हळूच सांगितलं की तीन दिवसांत ह्यांच्या पोटात धड काही नाही, लक्ष ठेवा. आमच्या पथकात गुरुजी केंद्राध्यक्ष, मी शिपाई, आणि मतदान अधिकारी म्हणून जाधवर भाऊसाहेब होते, ग्रामसेवक, जिभेला हाड नसलेला माणूस. गुरुजींना बघून म्हणाला, "काय गुरुजी, निवडणुकीचं बाळंतपण जवळ आलं म्हणायचं." मांडव हसला. गुरुजीही हसले, आणि हसताना कळ आली म्हणून मधेच थांबले. ते थांबणं मी बघितलं होतं.

आमचं केंद्र दुधनवाडी. अडतीस किलोमीटर, त्यातले शेवटचे बारा नुसते खड्डे. गुरुजी सीटवर बसलेच नाहीत, वरचा दांडा धरून उभे राहिले, कारण बसल्यावर हादरा थेट पोटात जातो म्हणाले. प्रत्येक खड्ड्याला ओठ आवळायचे. गाडीतली पोरसवदा मास्तरं मागं बघून कुजबुजायची. एक जण म्हणाला, गुरुजींचं नाटक बसलं बरं का, पण परीक्षकच आंधळा निघाला.

दुधनवाडीच्या शाळेचं संडास कुलूपबंद. किल्ली सरपंचाकडं, सरपंच प्रचाराला. ते उघडलं तेव्हा आत सिमेंटची पोती आणि मेलेली घूस. ज्याचं पोट सहा दिवस साफ नाही त्या माणसाला मी टमरेल भरून दिलं आणि ते बाभळीच्या आड गेले. अर्ध्या तासानं परत आले. काही नाही म्हणाले. वारंसुद्धा सरत नाही रंगनाथ, पोट नगाऱ्यासारखं झालंय.

मी त्यांना ओवा दिला. माझ्या घरी पोट म्हणलं की ओवा.

मंगळवारी साडेसातला मतदान सुरू झालं. बायकांची रांग मोठी होती. गुरुजी खुर्चीवर बसून होते आणि मार्च महिन्याच्या उकाड्यात त्यांच्या दातांचा आवाज येत होता. थंडी भरून आली होती. दहाच्या सुमाराला ते उठून वर्गाच्या मागं गेले आणि हिरवट पाणी ओकले. मी त्यावर माती टाकली. दारात एका उमेदवाराचा पोलिंग एजंट बसला होता, तोंडात गुटखा धरून. तो म्हणाला, केंद्राध्यक्षांना रात्रीची उतरली नाही वाटतं.

केंद्रावर आशाताई असते, औषधाची पेटी घेऊन. दुधनवाडीच्या आशाचं नाव रेखाताई. सातवी-आठवी शिकलेली असेल, माझ्याएवढीच. ती पहिली, जिनं गुरुजींच्या अंगाला हात लावला. गुरुवारपासून मंगळवारपर्यंत पहिली. कपाळ बघितलं, काखेत थर्मामीटर लावला. एकशे तीन. मग गुरुजींना वर्गाच्या मागच्या बाजूला बाकावर आडवं केलं आणि विचारायला लागली. दुखणं फिरतंय का एकाच जागी ठरलंय? ताप दुखण्याआधी की नंतर? वारं सरतंय का? तिनं डाव्या बाजूला हळूहळू दाबलं तेव्हा गुरुजी दम धरून गप्प होते. तिनं हात उचलला आणि ते कळवळले.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, एकाच जागी ठरून दुखतंय, वर ताप आहे, ओकारी आहे, आणि पोट कडक होत चाललंय. हे गोळी देऊन बसायचं दुखणं नाही. आत्ता न्या ह्यांना. संध्याकाळची वाट बघू नका."

मी तुम्हाला फोन केला. माझ्या फोनवरून. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी एवढंच बोललो की दुधनवाडीहून वाघमोडे शिपाई, केंद्राध्यक्षांचं पोट कडक झालंय, एकशे तीन ताप आहे. तुम्ही म्हणालात, शिपायानं मला फोन करायचा नसतो, केंद्राध्यक्षाला दे. मी फोन गुरुजींच्या कानाला लावला. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. गुरुजी काय बोलले ते आलं. हो सर. नाही सर. होतंय सर. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, टक्केवारी किती झाली? मी म्हणलं, बावीस. बावीस सर, असं ते फोनमध्ये म्हणाले, आणि फोन बंद झाला.

बाराच्या पुढं तुमचे क्षेत्रीय अधिकारी जीपमधून आले. बांधकाम खात्यातले इंजिनीअर. रेखाताईनं त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. जीप रिकामी होती साहेब. मागची सीट रिकामी, त्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. त्यांनी मान हलवली, खिशातून दुखणं थांबवायच्या दोन गोळ्या काढून दिल्या, यंत्र सील होईपर्यंत केंद्राध्यक्ष हलवता येत नाही म्हणाले आणि पुढच्या केंद्राकडं गेले. पुढच्या केंद्रावर मटणाचं जेवण होतं, हे जाधवरनं नंतर सांगितलं.

दोन वाजून गेले असतील. गुरुजी खुर्चीवरून अचानक अर्धे उठले, टेबलाची कड पकडली, तोंडातून आवाज आला नाही. डोळे फक्त मोठे झाले. मग हळूच खाली बसले. मी पाणी घेऊन धावलो. पाच-दहा मिनिटं गेली आणि त्यांचा चेहरा सैल पडला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कुशीवरचा हात काढला.

"रंगनाथ, गेलं बघ," ते म्हणाले. "मोकळं वाटतंय एकदम."

आणि हसले. पुरतं हसले, मधे न थांबता. माझ्या जिवात जीव आला. मी शाळेमागच्या घरून चहा करून आणला, त्यांनी त्यात अर्धं बिस्कीट बुडवून खाल्लं. जाधवर रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाला, "बघा. मतदान संपत आलं की पोट बरं. मुंदडाला कळवा, त्याच्या दाखल्याला गुण आला." पोलिंग एजंट हसला, रांगेतल्या बायका हसल्या, गुरुजी हसले.

मी पण हसलो. जोरात हसलो.

एकटी रेखाताई हसली नाही. ती म्हणायला लागली की असं एकदम थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, ताप तर तेवढाच आहे, नाडी बघा कशी पळतेय, आत काहीतरी फुटलं असलं तर. मी तिला गप्प केलं. म्हणलं, ताई, जरा बरं वाटतंय त्या माणसाला, उगं घाबरवू नका. आपली पेटी सांभाळा. ती जाऊन दारात बसली.

साडेचारला गुरुजींचं कपाळ गार पडलं. ताप उतरला असं मला वाटलं. घाम पुसायला गेलो तर तो घाम नुसता पाण्यासारखा, गार, थांबतच नव्हता. पोटाला हात लावला तर ते पोट नव्हतं, पोळपाट होता. सगळीकडून कडक, कुशीतच नव्हे. ओठ काळे पडलेले. मतदान साडेपाचला संपलं. मग सह्या. तुमच्या त्या नमुन्यांवर, पाकिटांवर, लाखेच्या सीलवर सह्या. जाधवरची जीभ आता गळून पडली होती. तो एकेक कागद गुरुजींच्या बोटाखाली सरकवत होता आणि मी त्यांचं मनगट धरून होतो. एका पाकिटावर सही करताना ते माझ्या हातावर ओकले. त्याला शेणासारखा वास होता. माणसाच्या तोंडातून तसला वास यावा हे मी कधी बघितलं नव्हतं. मी हात धुतला नाही. धुवायला वेळ नव्हता असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मला धुवावासा वाटला नाही.

गाडीत त्यांना मधल्या जागेत सतरंजीवर निजवलं. वाटेत ग्रामीण रुग्णालय लागतं, रस्त्याला लागून, फाटक उघडं, आत दिवे. मी ड्रायव्हरला थांब म्हणलं. बंदोबस्ताचा पोलीस उठून उभा राहिला. यंत्रं घेऊन निघालेली गाडी मधे कुठंच थांबवता येत नाही, माझी नोकरी जाईल म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. नियमच होता. रुग्णालयाचं फाटक खिडकीतून मागं गेलं. पोलीस पुन्हा बसला आणि त्यानं गुरुजींचे पाय आपल्या मांडीवर घेतले. त्या दिवशी जे बरे वागले त्यांच्यात मी त्यालाही धरतो.

जमा करायच्या मांडवात रांग होती. काउंटरवरची बाई म्हणाली, केंद्राध्यक्ष स्वतः हवेत. आम्ही त्यांना सतरंजीसकट उचलून तिच्या टेबलासमोर ठेवलं. तिनं खाली वाकून बघितलं, किंचाळली, आणि पोहोच पावती फाडून दिली.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पोट फाडलं. सकाळी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. शैलावहिनी बाकावर बसलेल्या, मी उभा. ती बाई पायऱ्यांवर बसूनच बोलायला लागली, इतकी दमली होती. तिनं कागदावर आतडं काढून दाखवलं. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक बारीक फुगे येतात म्हणाली, पन्नाशीनंतर पुष्कळांना असतात, कळतही नाहीत. त्यातला एखादा सुजला की डाव्या कुशीत ठरून दुखतं, ताप येतो, पोट धरतं. दुखण्याचं नाव तिनं कागदावर लिहून दिलं, डायव्हर्टिक्युलायटिस. तेवढ्यावर असताना दवाखान्यात आलं तर बहुतेक जण औषधांवर बरे होतात. ह्यांचा फुगा पिकला आणि फुटला. आतली घाण सगळ्या पोटात पसरली. फुटताना पिकल्या गळवासारखा ताण जातो, म्हणून थोडा वेळ बरं वाटलं असेल.

"ताप आणि दुखणं सुरू झालं तेव्हा कुणाला दाखवलं नव्हतं का?" तिनं विचारलं.

"दाखवलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "किती दिवसांचं हवंय म्हणाले."

डॉक्टरणीला ते कळलं नाही.

गुरुजींच्या पोटावर पिशवी लावली होती, आतडं बाहेर काढून. वरच्या गुंडीचा माणूस तो. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पिशवी बघितली आणि तोंड भिंतीकडं केलं. वहिनी ती पिशवी साफ करायच्या, नाकाला पदर न लावता. मला गुरुजींनी एकच विचारलं, मशीन जमा झालं ना? झालं म्हणलं. शनिवारी पहाटे गेले.

आता पुढचं ऐका. नवव्या दिवशी तुमच्या कार्यालयानं लोमटे गुरुजींच्या नावे कारणे दाखवा नोटीस काढली. एका पाकिटावरची सही नमुना सहीशी जुळत नव्हती. बजावायला कुणाला पाठवलंत? शिपायाला. मी ती नोटीस खिशात घालून सारोळ्याला गेलो. वहिनींनी वाचली, घडी करून बाजूला ठेवली आणि मला पाटावर बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, रंगनाथभाऊ, ह्यांनी अर्जात तपासा म्हणून लिहिलं होतं. एवढ्या माणसांत कुणालाच का वाटलं नाही की एकदा हात लावून बघावं?

तेव्हा मी सांगितलं. तुम्हाला माहीत आहे ते सांगितलं. शुक्रवारी तुम्ही त्या अर्जावर मिनिटभर थांबला होतात. तुम्ही वाचत होतात की नुसतं अक्षर बघत होतात, ते देव जाणे. पण थांबला होतात, आणि मला विचारलंत, "हा लोमटे दरवेळी करतो का असं?" मला माहीत होतं की या माणसानं आयुष्यात कधीच केलं नाही. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणलं, "साहेब, या आठवड्यात तालुक्याला एकच रोग आहे." तुम्ही हसलात. माझ्या बोलण्यावर तुम्ही अधूनमधून हसायचात, आणि शिपायाच्या जातीला साहेबाचं हसू फार गोड लागतं. त्या गोडीसाठी मी बोललो. हसता हसता तुम्ही लिहिलंत.

हे सगळं मी वहिनींपुढं ओकलो. मुंदडाकडं डोळा मारून पाठवलं तेही, ओवा दिला तेही, रेखाताईला गप्प केलं तेही. वाटलं होतं, उठून कानफडात मारतील, घराबाहेर काढतील. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचं कळलं, रंगनाथभाऊ. त्यांचं काय?"

त्यांचं म्हणजे तुमचं.

दुसऱ्या दिवशी विचारायचं म्हणून तुमच्या दालनात आलो तर तुमचा निरोप समारंभ चालला होता. निवडणूक शांततेत पार पाडल्याबद्दल शाल-श्रीफळ. मी पेढ्यांचं ताट घेऊन रांगेत फिरलो. तेव्हा मला स्वतःची जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच स्टुलावर काढली. माझ्यापुढं कुणी पोट धरून आलं की मी चार गोष्टी विचारायचो. एकाच जागी ठरलंय का, ताप आहे का, ओकारी होतेय का, पोट कडक आहे का. एवढ्यातलं काही असलं की रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात. दोघं-तिघं खोटे निघाले, मला हसले. हसू दे. मुंदडाचं नाव मी पुन्हा घेतलं नाही. मुंदडा मेला, त्याचा पोरगा बसतो आता. छापील दाखले तसेच आहेत.

वहिनी सारोळ्यालाच असतात. मी वर्षातून दोनदा जातो. त्या चहा देतात, पोरीचं, नातवाचं सांगतात, आणि मी निघायला उठलो की हमखास विचारतात, त्यांच्याकडून काही आलं का? अकरा वर्षं मी नाही म्हणतोय. मी माझं सांगून मोकळा झालो असं मला वाटायचं. तसं नसतं. तुमच्या वाटणीचंही मीच वाहतोय, आणि मला आता ते उचलत नाही.

आजारी आहे म्हणू नका, माणूस पाठवतो म्हणू नका, लेखी कळवतो म्हणू नका. सारोळ्याला उतरल्यावर शाळेच्या मागची दुसरी गल्ली, निळं दार. पाटावर बसायचं आणि त्या बाईला तोंडानं सांगायचं.

कधी येताय, साहेब? तारीख सांगा.